कंपनीचा ॲम्प असलेल्या गाडीत नवा स्टिरिओ: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

दुकानात स्टिरिओ घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, गाडी कोणती? दुसरा, नऊ इंची पाहिजे की दहा? मग फ्रेम निघते, ‘कपलर टू कपलर (वायरींचे तयार जोड एकमेकांत) बसतं, एक वायर कापायची नाही’ असं सांगितलं जातं आणि तासाभरात जुना टेप बाहेर, नवा आत. साध्या गाडीत हे अगदी खरं आहे. पण ज्या गाडीत कंपनीनेच वेगळा ॲम्प्लिफायर दिलेला असतो, तिथे हाच तासाभराचा खेळ पुढे चार महिने डोकं खातो. स्क्रीन झकास लागते, गाण्याचं नाव सरकत राहतं, आवाज मात्र येत नाही. किंवा येतो तो दोन नंबरवरच कानठळ्या बसवणारा, आणि मागे सतत घुंई.

आमच्या गाडीत एका दुकानदाराने वेगळंच काहीतरी करून ठेवलं होतं. आवाज येत नव्हता म्हणून त्याने ॲम्पला जाग आणणारी वायर सरळ बॅटरीच्या कायम चालू वायरीला जोडली. आवाज आला, आम्ही खूश. महिनाभराने गाडी परभणी स्टेशनवर लावून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. तीन दिवसांनी पहाटे परत आलो तर किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक. सोबत आई होती, थंडी होती. त्या दिवशी माझ्या मामाने, जो परभणीतच ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, येऊन गाडी सुरू करून दिली आणि मग त्याच्याच हाताखाली मी हे काम नीट शिकलो. पुढे लिहिलंय ते त्या शिकण्यातून आणि नंतर घरच्या नि नात्यातल्या गाड्यांवर केलेल्या कामातून.

म्हणून इथला क्रम दुकानातल्यापेक्षा उलटा आहे. आधी ॲम्प शोधायचा, त्याला कसला सिग्नल लागतो ते मोजायचं, आणि मगच स्टिरिओ विकत घ्यायचा.

ॲम्प आहे की नाही, कसं ओळखायचं

साध्या गाडीत स्टिरिओच्या पोटातच छोटा ॲम्प असतो. त्यातून आठ वायरी निघतात, चार स्पीकरच्या चार जोड्या, आणि त्या थेट दरवाजांत जातात. कंपनीचा वेगळा ॲम्प असलेल्या गाडीत स्टिरिओ फक्त सिग्नल देतो. तो सिग्नल सीटखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा डिकीच्या बाजूच्या पॅनलमागे बसलेल्या डब्यात जातो आणि तिथून ताकद घेऊन स्पीकरला पोहोचतो.

जाळीवरचं नाव ही पहिली खूण, पण पुरावा नाही. बोस, जेबीएल, सोनी असं लिहिलेलं असेल तर वेगळा ॲम्प असण्याची शक्यता मोठी. २०१९ च्या हॅरियरच्या वरच्या मॉडेलांत जेबीएलचे ९ स्पीकर आले, २०२० च्या क्रेटाच्या वरच्या मॉडेलांत बोसचे ८, २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे १२. एवढे स्पीकर सहसा स्टिरिओच्या पोटातल्या चार चॅनलवर चालवत नाहीत. याउलट अर्कमिस हे नाव दिसलं म्हणून ॲम्प शोधत बसू नका. ते आवाजावर प्रक्रिया करणारं तंत्र आहे, आणि त्या नावाच्या बहुतेक गाड्यांत ते स्टिरिओच्या आतच चालतं. डिकीत किंवा सीटखाली कंपनीचा वूफर (जड, खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) असेल, तर मात्र ॲम्प आहेच असं धरून चाला.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगतो. ज्या नव्या गाड्यांत एसी, गाडीची सेटिंग, कॅमेरे सगळं त्या एकाच स्क्रीनमध्ये गुंतलेलं आहे, तिथे स्टिरिओ बदलू नका. आवाज सुधारायचा असेल तर स्पीकर आणि दरवाजांतलं डॅम्पिंग (पत्र्याची थरथर मारणारं अस्तर) यावर पैसे घाला. हा लेख जुन्या, वॉरंटी संपलेल्या, टच मेलेला किंवा स्क्रीनवर डाग पडलेल्या गाड्यांसाठी आहे. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापली तर त्या सर्किटचा दावा हातचा जातो.

हत्यारं

मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, प्लॅस्टिकच्या पट्ट्या (लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने डॅशबोर्डवर ओरखडे पडतात), फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, बॅटरीसाठी दहाचा पाना, क्रिंपिंगचा पक्कड, सोल्डर, हीट श्रिंक स्लीव्ह, हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) गुंडाळतात ती कापडी टेप. महागडं यात काहीच नाही. मीटर मात्र धड घ्या, सगळं त्याच्यावर आहे.

उघडण्याआधी

काम सकाळी सावलीत सुरू करा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. उन्हात उभ्या गाडीचं प्लॅस्टिक मऊ पडतं, क्लिपा वाकतात आणि घाम मीटरवर ठिबकतो. हिवाळ्याच्या पहाटे उलट, प्लॅस्टिक कडक होऊन क्लिपा तुटतात.

पॅनल काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. काही गाड्यांत बॅटरी काढली की जुना स्टिरिओ कोड मागतो. हा कोड गाडीच्या कागदपत्रांत असतो, तो आधी शोधून ठेवा. पिवळ्या रंगाचे कपलर आणि पिवळ्या पाइपातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरची सुईसुद्धा लावायची नाही. हा नियम मोडू नका, मग बाकी सगळं चुकलं तरी दुरुस्त होतं.

स्टिरिओ बाहेर आला की मागच्या प्रत्येक कपलरचा मोबाइलवर फोटो काढा, खिट्टी कोणत्या बाजूला आहे ते दिसेल असा.

मीटरला विचारा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. नव्या स्टिरिओच्या हार्नेसचे रंग बऱ्याच अंशी ठरलेले असतात: पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल किल्लीवर येणारी, काळी अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची बाजू), निळी अँटेनाची, निळी-पांढरी ॲम्पच्या रिमोटची, म्हणजे ॲम्पला जागं करणारी. पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा स्पीकर, आणि काळी रेघ असलेली त्या-त्या जोडीची निगेटिव्ह. पण गाडीच्या बाजूच्या वायरींना हे रंग लागू नाहीत, प्रत्येक कंपनीचे वेगळे. मामा म्हणायचा, ‘वायरीला रंग विचारू नको, मीटरला विचार.’ त्याची ही सवय मला हजारदा उपयोगी पडली आहे.

पहिली मोजणी ओहमची, म्हणजे अडथळ्याची. बॅटरी काढलेली, कपलर मोकळा. मीटरच्या दोन्ही सुया आधी एकमेकींना टेकवा, जो आकडा येईल तो वजा करायचा. मग गाडीच्या कपलरमधल्या स्पीकरच्या जोडीवर लावा. तीन-साडेतीन ओहमच्या आसपास आलं तर समोर चार ओहमचा स्पीकर थेट जोडलेला आहे, मध्ये ॲम्प नाही. दीड-दोन आलं तर स्पीकर दोन ओहमचा. आकडा हजारांत गेला किंवा मीटरने काहीच दाखवलं नाही, तर त्या वायरी ॲम्पकडे जातात. स्पीकरच्या वायरींना नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून ‘टक्’ ऐकायची जुनी पद्धत आहे. ॲम्पची शंका असेल तेव्हा ती करू नका, ॲम्पच्या इनपुटला ते मानवत नाही.

दुसरी मोजणी जुना स्टिरिओ आणि बॅटरी पुन्हा जोडून, तो चालू स्थितीत असेल तर. पेनड्राइव्हवर १०० हर्ट्झचा एकसुरी टोन घ्या, गाणं नको, गाण्यात आकडा नाचतो. कपलरच्या पाठीमागून बारीक पिन घालून जोडीच्या दोन वायरींत एसी व्होल्ट मोजा आणि आवाज हळूहळू वाढवत जा. इथे तीन गोष्टी दिसू शकतात.

आवाज पूर्ण केला तरी आकडा एक-दोन-तीन व्होल्टच्या पुढे जात नसेल, तर ॲम्पला लो लेव्हल (कमी व्होल्टचा, ताकद न दिलेला) सिग्नल जातोय. आठ-नऊ व्होल्टपर्यंत चढत असेल तर स्टिरिओ स्पीकरच्या ताकदीचाच सिग्नल देतोय. याची खात्री करायला एक वायर आणि बॉडी यांत डीसी मोजा. पोटात पॉवर आयसी (ताकद देणारी चिप) असलेल्या स्टिरिओच्या स्पीकर वायरीवर गाणं बंद असतानाही सहा-सात व्होल्ट उभे असतात. (म्हणूनच स्पीकरची निगेटिव्ह कधीही बॉडीला लावायची नसते. ती अर्थ नाहीच, तीही चालती वायर आहे. तिला अर्थ समजून बॉडीला लावल्याने जळालेले स्टिरिओ मी मामाकडे पुष्कळ पाहिलेत.)

तिसरी शक्यता फसवी असते. आवाज कमी-जास्त केला तरी आकडा जागचा हलत नाही, पण स्पीकरमधला आवाज मात्र बदलतो. म्हणजे आवाज किती ठेवायचा ते ॲम्प स्वतः ठरवतो आणि स्टिरिओ त्याला कॅन बसवरून (गाडीतले कंट्रोलर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी) हुकूम देतो. अशा ॲम्पला बाजारातला साधा स्टिरिओ हुकूम देऊ शकत नाही. त्याच गाडीसाठी बनवलेला इंटरफेस (दोघांत दुभाषा होणारा डबा) मिळत असेल तरच पुढे जा. स्टिरिओच्या मागे तांब्याच्या वायरींऐवजी बारीक फायबरची केबल दिसली तरी हेच. बऱ्याच जुन्या जर्मन लक्झरी गाड्यांत ती असते.

जुना स्टिरिओ पूर्ण मेलेला असेल तर वायरींकडे बघा. पिळलेल्या बारीक जोड्या, वरून उघड्या तारांचं कवच, म्हणजे लो लेव्हल. जाडसर मोकळ्या वायरी म्हणजे बहुधा स्पीकर लेव्हल.

तीन रस्ते

पहिला रस्ता कंपनीचा ॲम्प ठेवण्याचा. मला हाच आवडतो, कारण त्या ॲम्पमध्ये त्या गाडीच्या दरवाजांचा, काचेचा, स्पीकरच्या जागेचा विचार करून आवाज आधीच बसवलेला असतो. ॲम्प स्पीकर लेव्हल घेणारा असेल तर काम सोपं आहे, नव्या स्टिरिओच्या चार जोड्या त्याला द्या. लो लेव्हल घेणारा असेल तर स्टिरिओ निवडताना मागे आरसीए प्रीआउट (ॲम्पसाठी लो लेव्हल सिग्नल देणारे गोल सॉकेट) आहेत ना ते बघा, पुढचे, मागचे आणि वूफरचे वेगळे असतील तर उत्तम. प्रीआउट किती व्होल्टचे आहेत तेही विचारा. २ व्होल्टचे असतात, ४ चेही असतात, आणि जास्तीचा आकडा इथे खरंच कामाचा आहे.

यात एक अडचण येते ती समजून घ्या. कंपनीच्या बऱ्याच ॲम्पचं इनपुट डिफरेन्शियल असतं. म्हणजे एकच सिग्नल दोन वायरींतून एकमेकांच्या उलट येतो आणि ॲम्प दोघांतला फरक तेवढा उचलतो. वाटेत इंजिनचा, डायनॅमोचा जो गोंगाट दोन्ही वायरींत सारखा शिरतो, तो फरक काढताना आपोआप गळून जातो. आरसीएमध्ये मात्र एकच वायर सिग्नलची असते, दुसरी बाजू म्हणजे अर्थ. आरसीएची मधली पिन प्लसला आणि बाहेरची कडी मायनसला जोडली तर बऱ्याच गाड्यांत आवाज येतो, पण कमी भरतो, आणि रेस दिली की बारीक शिट्टी चढत जाते. यावर उपाय त्या गाडीचा ॲम्प अडॅप्टर हार्नेस, किंवा मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर. आयसोलेटरच्या पोटात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते दोन्हीकडचा अर्थ तोडतात.

प्रीआउट नसलेला स्वस्त स्टिरिओ आधीच घेऊन बसला असाल, तर त्याच्या स्पीकर वायरी लो लेव्हल ॲम्पला सरळ जोडू नका. दोन नंबरवर आवाज फाटणं, सतत ‘स्स्स’ येणं हे यातूनच होतं, आणि ॲम्पचं इनपुटही जाऊ शकतं. मध्ये हाय टू लो कन्व्हर्टर (स्पीकर लेव्हलचा सिग्नल उतरवून लो लेव्हल करणारा डबा) टाका.

दुसरा रस्ता ॲम्पला वळसा घालण्याचा. दुकानांत हाच सर्रास सुचवतात, ‘ॲम्प काढून टाकू, डायरेक्ट करू.’ ॲम्प जळालेलाच असेल तर ठीक, पण दोन गोष्टी आधी तपासा. एक, स्पीकर किती ओहमचे आहेत. कंपनीच्या ॲम्पचे स्पीकर बरेचदा दोन ओहमचे असतात, आणि बाजारातला स्टिरिओ चार ओहमसाठी बनवलेला असतो. जोडल्यावर लगेच काही होत नाही. भर उन्हात बीडहून धाराशिवला निघालात की तासाभराने स्टिरिओ तापून बंद पडायला लागतो. दोन, ट्वीटर, म्हणजे चढे सूर वाजवणारा छोटा स्पीकर. ॲम्पमध्येच आवाजाची वाटणी होत असेल तर ट्वीटरला कपॅसिटर नसतो. थेट जोडलात तर ढोलकीची सगळी थाप त्या नाजूक पडद्यावर येते आणि तो जळतो. चार ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावला तर साधारण साडेआठ हजार हर्ट्झच्या खालचा आवाज उतरत जातो. आणि खोक्यावरच्या ‘५० वॅट गुणिले ४’ ला भुलू नका. चार ओहमवर सलग मिळतात ते एका चॅनलला साधारण २० वॅट. कंपनीचा वूफर या रस्त्यात मुका होतो.

तिसरा, नवा फोर चॅनल ॲम्प. त्याला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर लागते, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. वायर बॉडीला कुठे घासली तर आग लागू नये म्हणून तो फ्यूज आहे, ॲम्पसाठी नाही. पहिल्याच कामात या रस्त्याला जाऊ नका.

जोडणी

बॅटरी पुन्हा काढा. शक्यतो गाडीचा कपलर कापू नका, त्या गाडीचा अडॅप्टर कपलर घ्या आणि सगळे जोड टेबलावर, पंख्याखाली, निवांत करा. गाडीत शिरून, मान वाकडी करून मारलेला पीळ वर्षभरात सुटतो.

निळी-पांढरी वायर ॲम्पच्या रिमोटला. ही वायर १२ व्होल्टचा इशारा देते, ताकद नाही. तिच्यावर पंखा, लाइट असलं काही चढवू नका. गाडीच्या बाजूची रिमोट वायर शोधायची ती जुना स्टिरिओ चालू-बंद करून: चालू केल्यावर १२ व्होल्ट, बंद केल्यावर शून्य. अशी वायर सापडतच नसेल, तर ॲम्प कॅन बसवरून जागा होतो, मग कॅन बॉक्समधून (कॅन बस आणि नवा स्टिरिओ यांना जोडणारा डबा) येणारी वायर वापरा. छतावरच्या अँटेनालाही बरेचदा छोटा बूस्टर असतो आणि त्याला निळ्या वायरीचे १२ व्होल्ट लागतात. ती राहून गेली की आकाशवाणीचं केंद्र शहराबाहेर पडताच खरखरतं आणि दोष स्टिरिओला दिला जातो.

अर्थ गाडीच्या मूळ हार्नेसमधलाच घ्या. जवळ दिसला म्हणून डॅशबोर्डखालचा कुठलाही स्क्रू धरू नका, घुंईचं निम्मं मूळ तिथे असतं.

रिव्हर्स कॅमेऱ्याला १२ व्होल्ट देण्याआधी मोजा. काही कंपन्यांचे कॅमेरे ६ व्होल्टचे असतात आणि १२ दिले की गेले. स्टिअरिंगची बटणं साध्या रेझिस्टन्सवर चालणारी असतील तर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये शिकवता येतात, कॅनवरची असतील तर कॅन बॉक्स लागतो. हँडब्रेकची वायर हँडब्रेकलाच जोडा. ती थेट अर्थ करून चालत्या गाडीत व्हिडिओ बघायची सोय मी कुणालाही करून देत नाही.

आता आपल्या भागाची गोष्ट. साधी काळी इन्शुलेशन टेप मे महिन्यात सुटते. गोंद वितळतो, टेप सरकते, हाताला चिकट लागते आणि जोड उघडा पडतो. म्हणून प्रत्येक जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह आणि वरून कापडी टेप. दुसरं, उंदीर. सोयाबीन निघालं, ऊस तुटला की रानातले उंदीर गोठ्यात, शेडमध्ये आणि तिथे उभ्या गाडीत शिरतात. शेतात गाडी लावत असाल तर नवीन वायरी फ्लेक्झिबल पाइपातून न्या, सीटखालून मोकळ्या सोडू नका. तिसरं, पाणी. ॲम्प सीटखाली असेल तर गाडी धुताना आत पाइप मारू देऊ नका, आणि पावसाळ्यात चिखलाच्या चपला त्या बाजूला नकोत.

स्टिरिओच्या मागचा हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) मोकळा ठेवा. उरलेल्या वायरींचा गठ्ठा त्याच्यावर नाही, खाली किंवा बाजूला बांधा.

पहिल्यांदा चालू करताना

पॅनल बसवायची घाई नको. उघड्यावरच सगळं तपासा. आवाज शून्यावर, मग बॅटरी, मग किल्ली. बॅलन्स-फेडरने (आवाज डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे सरकवणारी सेटिंग) एकेक स्पीकर वेगळा ऐका: पुढचा डावा म्हटल्यावर पुढचा डावाच वाजतो का. नंतर सगळे एकत्र लावा. बेस पोकळ, हरवल्यासारखा वाटला तर एखाद्या जोडीचे प्लस-मायनस उलटे झालेत. शक्य असेल तर पखवाजाचं रेकॉर्डिंग लावा, उलटी जोडी पखवाजावर लगेच कळते.

इक्वलायझर सपाट ठेवा, लाउडनेस बंद. कंपनीच्या ॲम्पने आधीच बेस उचललेला असतो, त्यावर तुम्ही पुन्हा उचललात की दरवाजे थरथरतात आणि कीर्तनातला शब्द कळत नाही. मग इंजिन सुरू करून रेस द्या, हेडलाइट लावा, पंखा फुल करा, आणि शिट्टी येते का ते ऐका.

सगळं बंद, गाडी लॉक करा, पण बॉनेट उघडं राहू द्या. तास-पाऊण तास थांबा, गाडीतले कंट्रोलर झोपी जायला तेवढा वेळ लागतो. मग मीटर १० ॲम्पिअरच्या सॉकेटवर घ्या. एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला, दुसरी निगेटिव्हच्या केबलला लावा आणि दोन्ही टेकलेल्या ठेवूनच टर्मिनल सोडवा, म्हणजे मध्ये पुरवठा तुटून गाडी पुन्हा जागी होत नाही. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवायची नाही, दरवाजा उघडायचा नाही. आकडा ५० मिलिॲम्पिअरच्या आत हवा. अर्धा ॲम्पिअर दिसला तर ॲम्प जागाच आहे. ३५ एएचची (ॲम्पिअर-अवरची) बॅटरी अशाने सत्तर तासांत रिकामी होते, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. आमच्या गाडीत त्या पहाटे नेमकं हेच झालं होतं. आकडा जास्त आला तर पॅनल बसवू नका, निळ्या-पांढऱ्या वायरीपासून पुन्हा सुरुवात करा.